बॉनेटला स्वतः पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावण्याविषयी

गेल्या वर्षी जुलैमध्ये गाडी धुताना बॉनेटच्या पुढच्या भागावरचे रंगाचे टवके मी मोजले, तेव्हा ते अकरा भरले. गाडी २०२३ ची, रंग गडद निळा, आणि माझे साताऱ्याहून पुण्याला आठवड्यातून दोनदा जाणे-येणे असते. महामार्गावर जिथे कामे चालू असतात तिथे सुटी खडी पसरलेली असते. पुढच्या वाहनाच्या चाकाने उडवलेला हरभऱ्याएवढा खडा वेगात असलेल्या बॉनेटवर आदळला की रंगाचा एक ठिपका कायमचा निघून जातो. त्या अकरा टवक्यांपैकी दोन ठिकाणी उघडा पत्रा दिसत होता आणि एका ठिकाणी तांबूस गंज धरू लागला होता. गाडी आम्ही पै-पै साठवून घेतलेली आहे आणि ती किमान बारा वर्षे वापरायची आहे, त्यामुळे हे पाहून मला खरोखर वाईट वाटले.

रंगाचा थर किती पातळ असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. प्रायमर, रंग आणि त्यावरचा पारदर्शक क्लिअर कोट हे सगळे मिळून कारखान्यातून आलेल्या गाडीवर साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी असते, म्हणजे माणसाच्या दोन केसांपेक्षा फारशी जास्त नाही. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, आणि चमक, ऊन-पावसापासूनचे संरक्षण, ओरखडे सोसण्याची ताकद हे सगळे त्याच्याच भरवशावर असते. मेण किंवा सिरॅमिक कोटिंग यांनी पाणी घरंगळते आणि चमक टिकते, पण खड्याचा मार त्यांना सोसत नाही, कारण त्यांची जाडीच मुळी फार कमी असते. खड्याचा मार सोसायचा तर मध्ये काहीतरी जाड आणि लवचिक असले पाहिजे. पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ही नेमकी तशी वस्तू आहे: दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडीचा थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा पारदर्शक पडदा, त्याच्या खाली चिकटद्रव्य आणि वर एक लेप, जो उष्णता मिळाली की बारीक ओरखडे स्वतःच भरून काढतो.

हे तंत्र मोटारींसाठी जन्मले नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि धुळीने झिजत होती, म्हणून थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिकट फिल्म तयार केली. शर्यतीच्या आणि नंतर रोजच्या मोटारींवर ती बऱ्याच काळाने आली. आज पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पुढच्या धारेवरही अशा प्रकारची फिल्म लावली जाते. चाळकेवाडीच्या पठारावर गेलो की आता माझे लक्ष पवनचक्क्यांच्या पात्यांच्या धारेकडे जाते. पावसाचा थेंबसुद्धा पुरेशा वेगाने आदळला की पृष्ठभाग झिजवतो, ही गोष्ट मला या फिल्मच्या निमित्ताने कळली.

पूर्ण गाडीला फिल्म लावण्यासाठी पुण्यात दोन-तीन ठिकाणी चौकशी केली, तेव्हा मला पाऊण लाखापासून दीड लाखापर्यंतचे आकडे सांगण्यात आले. तेवढा खर्च मला शक्य नव्हता, आणि विचार करताना लक्षात आले की त्याची गरजही नव्हती. खडे छतावर किंवा डिकीच्या झाकणावर बसत नाहीत. ते बॉनेटच्या पुढच्या निम्म्या भागावर, पुढच्या बंपरवर आणि चाकांच्या मागच्या खालच्या पत्र्यावर बसतात. नखांचे ओरखडे दरवाज्याच्या हँडलमागच्या वाटीत पडतात, सामान चढवताना मागच्या बंपरची वरची कड घासते आणि पार्किंगमध्ये दरवाज्याची कड भिंतीला लागते. एवढ्याच जागा झाकायच्या असे ठरवले, आणि फिल्म पाच फूट रुंदीच्या रोलमधून आठ फूट कापून घेतली. तिला साडेनऊ हजार रुपये लागले.

फिल्म घेताना एक गोष्ट तपासून घ्यावी. पीव्हीसीची स्वस्त फिल्मही पीपीएफ म्हणून विकली जाते, आणि ती काही काळाने पिवळी पडते, कडक होते व निघताना तुकड्या-तुकड्यांनी निघते. विक्रेत्याकडून कात्रण मागून घ्यावे आणि हाताने ताणून पाहावे. पॉलियुरेथेन रबरासारखे ताणले जाते आणि सोडल्यावर हळूहळू मूळ मापावर येते. पीव्हीसी ताणलेलेच राहते. पॉलियुरेथेनमध्येही उन्हात पिवळा न पडणारा ॲलिफॅटिक प्रकार हवा, आणि तो नजरेने ओळखता येत नसल्यामुळे लेखी वॉरंटी देणाऱ्याकडूनच फिल्म घ्यावी, असे माझे मत आहे.

हे काम शिकण्यासाठी मी बरीच चलचित्रे पाहिली, पण खरी शिकवण मिळाली ती आमच्या कोपऱ्यावरच्या रेडियमच्या दुकानात. नंबरप्लेट, टेम्पोवरची अक्षरे, दुचाकीच्या टाकीवरचे पट्टे ही कामे करणाऱ्या त्या कारागिराने पीपीएफ कधी लावलेली नव्हती, परंतु चिकट पडदा वळणावर कसा बसवायचा हे त्याच्या बोटांना वीस वर्षांपासून ठाऊक होते. त्याने मला एका जुन्या स्कूटरच्या मडगार्डवर स्टिकरचे उरलेले तुकडे लावायला दिले आणि सांगितले, "सर, ओढू नका. त्याला जिकडं जायचंय तिकडं जाऊ द्या, आपण फक्त पाणी बाहेर काढायचं." पुढे जे काही बरे झाले ते या वाक्यामुळे, आणि जे बिघडले ते हे वाक्य विसरल्यामुळे.

दिवस निवडले ते १५ ऑगस्टचे. सुटी शुक्रवारी आली होती आणि पुढे शनिवार-रविवार होते. भर पावसात हे काम कशाला, असे घरात विचारले गेले. परंतु या कामाचा खरा शत्रू धूळ आहे, आणि साताऱ्यात धूळ जमिनीला बसलेली असते ती पावसाळ्यातच. मार्च-एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की पाणी फिल्मखालीच वाळू लागते आणि चिकटद्रव्य नको तिथे पकड घेते. ऑगस्टमध्ये हवा चोवीस-पंचवीस अंशांवर असते आणि काम करायला सावकाश वेळ मिळतो. पावसाळ्याचा तोटा एवढाच की आतला ओलावा सुकायला दुप्पट दिवस लागतात. शिवाय संध्याकाळी दिवे लागले की पंखवाले किडे येतात आणि ते ओल्या चिकट बाजूवर हमखास बसतात, म्हणून काम दिवसाउजेडी संपवणे भाग असते. आमच्या इमारतीच्या खांबांवरच्या पार्किंगमध्ये, पाऊस आत न येणाऱ्या कोपऱ्यात, मी गाडी लावली आणि भोवतालची फरशी पाण्याने ओली करून घेतली.

शुक्रवारचा पूर्ण दिवस फक्त स्वच्छतेत गेला, आणि तो मी अजिबात वाया गेलेला मानत नाही. आधी शॅम्पूने गाडी धुतली. खालच्या बाजूला डांबराचे ठिपके होते; ते रॉकेलाच्या बोळ्याने काढले, पण रॉकेलाचा तेलकटपणा राहतो म्हणून तो भाग पुन्हा दोनदा धुतला. त्यानंतर क्ले बार, म्हणजे पृष्ठभागावरचे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवला. धुतलेल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे फिरवली तर बारीक खरखर जाणवते. ती रंगात रुतलेली लोखंडी कणांची आणि झाडाच्या चिकाची असते. क्ले बार भरपूर साबणपाण्यासह फिरवत गेल्यावर तासाभराने ती खरखर पूर्ण थांबली. जुने टवके मी तीन आठवडे आधीच गंज घासून, टचअप रंग भरून, सुकू दिले होते, कारण ताजा रंग फिल्मखाली श्वास घेऊ शकत नाही आणि खड्डा तसाच राहिला तर त्यात हवा अडकते. ज्यांच्या गाडीचा एखादा भाग अपघातानंतर बाहेर रंगवून घेतलेला आहे, त्यांनी तिथे फिल्म लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. रंगाने पत्रा नीट धरलेला नसेल, तर फिल्म काढताना रंगही सोबत येतो. सर्वांत शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने पुसून मेणाचा शेवटचा अंश काढला.

आता पाण्याविषयी, कारण सारी विद्या तिथे आहे. या कामात दोन फवारे लागतात आणि ते एकमेकांच्या उलट वागतात. पहिल्यात एक लिटर पाणी आणि अर्धा लहान चमचा लहान मुलांचा शॅम्पू. साबणामुळे चिकटद्रव्य आणि रंग यांच्यात पाण्याचा निसरडा थर टिकून राहतो, फिल्म त्यावर तरंगते आणि हवी तशी सरकवता येते. दुसऱ्यात साधारण साडेआठशे मिलिलिटर पाणी आणि दीडशे मिलिलिटर आयसोप्रोपाइल अल्कोहोल. हे मिश्रण साबण धुऊन काढते, लवकर उडून जाते, आणि जिथे मारले तिथे फिल्म धरू लागते. म्हणजे पहिल्या फवाऱ्याने फिल्म जागेवर आणायची आणि दुसऱ्याने ती जिथे टेकवायची तिथे, विशेषतः कडांना, टेकवायची. साबण जास्त झाला तर फिल्म दोन-दोन दिवस धरत नाही. कमी झाला तर पहिल्याच स्पर्शाला चिकटते आणि ओढून काढताना चिकटद्रव्यावर कायमची रेघ उमटते. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. त्यातले क्षार सुकल्यावर फिल्मखाली पांढरे दिसतील, म्हणून दोन्ही फवाऱ्यांसाठी मी गाळण यंत्राचे आरओ पाणी वापरले. अल्कोहोल पेट घेते, तेव्हा ते आणि गरम हवा फेकणारी हीट गन एकाच वेळी जवळ असू नयेत, हेही इथेच सांगून ठेवतो.

शनिवारी सकाळी आठला बॉनेट घेतले. आधीच पातळ प्लास्टिक पसरून, कडा मार्करने आखून घेतल्या होत्या आणि त्या मापाने फिल्म मेजावर कापली होती. गाडीवर फिल्म पसरून पात्याने कापणारे कसबी लोक असतात, परंतु चाळीस मायक्रॉनच्या क्लिअर कोटवर नवशिक्याने पाते टेकवू नये. पात्याची रेघ आज दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी तिथूनच गंज वर येतो. माप मी कडेपासून तीन मिलिमीटर आत ठेवले. त्यामुळे फिल्मची रेषा जवळून पाहणाऱ्याला दिसते आणि तिथे मळ साठतो, पण कडा आत वळवून बसवण्याचे अवघड काम टळते.

मागचा कागद सोलण्यासाठी दोन माणसे हवीतच. पत्नीने एक बाजू धरली होती. मी कागद सोलायला हात पुढे केला, तेव्हा तिने थांबवले. "अहो, हात ओले करा आधी." तिचे बरोबर होते. कोरडे बोट चिकट बाजूला लागले की बोटाचा ठसा तिथे राहतो आणि कितीही घासला तरी जात नाही. सोलता सोलता चिकट बाजूवर लगेच साबणपाण्याचा भरपूर फवारा मारायचा, बॉनेटही नखशिखान्त ओले करायचे, आणि मग दोघांनी चार कोपरे धरून फिल्म झोळीसारखी मध्यभागी आधी टेकवून बाजूंनी सोडायची. सुती शर्टाचे तंतू उडतात म्हणून आम्ही दोघांनीही जुने नायलॉनचे पावसाळी जाकीट घातले होते. तरीही एक केस आत गेलाच. तो दिसताच तेवढी कड उचलून, खाली फवारा मारून, पाण्याच्या लोटाबरोबर तो बाहेर काढता आला. पाणी गेल्यावर दिसला असता तर तो कायमचा तिथेच राहिला असता.

त्यानंतरचे काम स्क्वीजीचे, म्हणजे पाणी ओढून काढणाऱ्या रबरी पट्टीचे. फिल्मची वरची बाजूही ओली ठेवायची, नाहीतर रबर अडखळते आणि फिल्म खेचली जाते. मधोमध एक जोरकस फटका ओढून फिल्म स्थिर करायची, मग तिथून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक फटका आधीच्या फटक्यावर निम्मा चढवत पाणी काढत जायचे. मधला सपाट भाग अर्ध्या तासात आरशासारखा बसला. बॉनेटच्या पुढच्या ओठाकडे, जिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो, तिथे मात्र फिल्मला घड्या पडू लागल्या. फिल्म लावणारे या घड्यांना बोटे म्हणतात, कारण त्या कडेकडून आत शिरणाऱ्या लांबट बोटांसारख्याच दिसतात. सपाट पडदा गोलाईवर बसवताना कडेला जास्तीचा माल उरतो, हे भूमितीचेच बंधन आहे. पोळी वाटीवर पालथी घातली की कडेला चुण्या पडतात, तसेच. यावर जोर लावून स्क्वीजी दाबली की घडी पक्की होते. उपाय असा की तेवढी कड पुन्हा उचलायची, साबणपाणी मारायचे, फिल्म हेअर ड्रायरने कोमट करायची आणि घडीच्या रेषेत, आडवी न ताणता, बाहेरच्या बाजूला हलकेच ओढून अल्कोहोलच्या फवाऱ्याने तिथे टेकवायची. ओठाची साठ सेंटिमीटर लांबी बसवायला मला दोन तास दहा मिनिटे लागली. बाहेर गोविंदा पथकांचे ढोल वाजत होते आणि खाली आम्ही दोघे मांडी घालून बसून एका-एका घडीशी बोलत होतो. ते दोन तास माझ्या आठवणीत फार सुखाचे आहेत.

रविवारी लहान भाग झाले. मागच्या बंपरची वरची कड, हँडलमागच्या चार वाट्या, दरवाज्यांच्या कडांच्या बारीक पट्ट्या आणि चाकांमागचा खालचा पत्रा हे सगळे दुपारपर्यंत आटोपले. ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने खरे तर इथूनच सुरुवात करावी: मागच्या बंपरची कड सपाट आहे, तुकडा लहान आहे आणि बिघडला तर नुकसान शे-दोनशे रुपयांचे आहे. मी बॉनेट आधी घेतले ही क्रमाची चूक होती.

त्यानंतरची चूक मोठी होती. उरलेल्या तुकड्यात पुढच्या बंपरचा एक कोपरा, फॉग लॅम्पच्या खोबणीसह, झाकता येईल असे मला वाटले. खोबणी खोल होती आणि तुकडा अपुरा, म्हणून तो मी गरम करून ताणला. ताणल्यावर तो बसला, सुंदर दिसला, आणि पाचव्या दिवशी खोबणीच्या तळापासून सुटून तंबूसारखा उभा राहिला. पॉलियुरेथेनला आपले मूळ माप आठवते. फार ताणले की चिकटद्रव्याच्या बळापेक्षा त्या आठवणीचे बळ जास्त ठरते. शिवाय ताणलेल्या जागी चिकटद्रव्यावर आडव्या पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. तो तुकडा काढून टाकावा लागला. पुढचा बंपर मी आता या कामात हात बसलेल्या माणसाकडेच देणार आहे, आणि इतरांनाही तेच सांगेन. खोबणी, तीव्र वळणे आणि सेन्सरची भोके असलेला बंपर ही दोन दिवसांत शिकण्याची गोष्ट नाही. बॉनेट, कडा, वाट्या आणि खालचा पत्रा मात्र कोणत्याही धीराच्या माणसाला जमतील, याबद्दल माझी खात्री आहे.

लावल्यावर दोन दिवस गाडी हलवली नाही आणि दहा दिवस धुतली नाही. पहिल्या आठवड्यात बॉनेट दुधाळ दिसत होते, जागोजाग पाण्याचे फुगे होते, आणि ते पाहून अस्वस्थ वाटत होते. पाण्याचे फुगे स्वतःहून जातात. आमच्याकडे त्यांना पंचवीस दिवस लागले, गणपती आले तेव्हाही दोन उरले होते. मोठ्या हवेच्या फुग्याची गोष्ट वेगळी: तसा एक होता, त्याला औषधाच्या दुकानातून आणलेल्या इन्सुलिनच्या सुईने अगदी तिरके टोचून हवा दाबून काढली, आणि ते छिद्र आज शोधूनही सापडत नाही. फिल्मखाली गेलेले धुळीचे चार कण मात्र आहेत तिथेच आहेत.

कायद्याच्या बाजूने पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही. रंग बदलणारी किंवा मॅट काळी फिल्म लावायची असेल, तर नोंदणीत लिहिलेला रंग आणि गाडीचा रंग जुळत नाही, म्हणून आधी आरटीओत चौकशी करावी.

आता सहा महिने झाले आहेत. नोव्हेंबरात ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्यापासून चिखल आणि खडी दोन्ही वाढली. बॉनेटवर फिल्मला दोन ठिकाणी खड्याच्या खुणा आहेत. त्यातली एक गरम पाणी ओतल्यावर पुष्कळशी भरून आली, दुसरी वरच्या लेपाच्या पार खाली गेली होती, ती तशीच राहिली. त्या जागी टॉर्च धरून तिरक्या नजरेने पाहिले, तर खालचा निळा रंग अखंड दिसतो. डावीकडचा मागचा कोपरा नखाएवढा उचलला गेला होता, कारण मी प्रेशर पंपाची तोटी कडेच्या फार जवळ नेली. तो कोपरा अल्कोहोलने पुसून, कोमट करून पुन्हा दाबला. चिकटद्रव्यात धूळ शिरल्यामुळे तो पूर्ण बसला नाही, म्हणून मेणकागदाची पट्टी खाली सरकवून तेवढा भाग गोलाकार कापून टाकला. कोपरे आधीच गोल कापावेत, हे रेडियमच्या दुकानात त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. या आठवड्यात उरलेल्या कात्रणांतून पत्नीच्या स्कूटरच्या पुढच्या पॅनलसाठी माप घेतो आहे, आणि त्याचे चारही कोपरे एक रुपयाच्या नाण्याभोवती आखले आहेत.